समुद्री किड्याच्या मेंदूच्या छप्पन्न काचा

जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: नांदेड, आमच्या कॉलेजची प्राणिशास्त्र प्रयोगशाळा. हजर: विभागप्रमुख सर, परिचर मामा आणि मी.

सोमवारी तपासणी समिती येणार होती. सगळं चकाचक पाहिजे, असं सरांनी बजावलं होतं. म्हणून मामांनी गुरुवारीच माझ्या कपाटातल्या छप्पन्न काचेच्या स्लाइड्स साबणाच्या पाण्यात भिजवल्या, पुसल्या आणि ओळीने मांडल्या.

"लेबलं पिवळी पडली हुती, म्याडम. लई चिकट. नखानं काढली एकेक," मामा म्हणाले. त्यांना शाबासकी हवी होती.

त्या स्लाइड्स मी लातूरला संशोधन करताना केल्या होत्या. कोकणच्या वाळूतून आणलेले चार समुद्री किडे. प्रत्येकाचा खसखशीएवढा मेंदू मेणात बसवून त्याचे पापुद्र्यासारखे काप. रंग दिला की काही चेतापेशी जांभळ्या दाण्यांनी भरलेल्या दिसतात. त्या दाण्यांत संप्रेरक असतं. पेशीचा धागा ते खाली नेऊन टोकाशी सोडतो. पण एक धागा पाच-सहा काचांवर विखुरलेला असतो. कोणता किडा, कितवी काच, काप कोणत्या बाजूने सुरू होतात, हे फक्त लेबलावर होतं.

एका नियतकालिकाने माझ्या लेखासाठी तेवढंच मागितलं होतं: एका पेशीचा धागा, उगमापासून टोकापर्यंत, क्रमाने, फोटोंत. माझ्या एकटीच्या नावाचा पहिला लेख. मुदत मार्चअखेर.

"काचा शाबूत आहेत ना? मग झालं तर," सर म्हणाले. "आणि यादी असेलच की. तुम्ही तर डस्टरचीसुद्धा यादी ठेवता."

"नंबर यादीत आहेत, सर. काचेवर नाहीत."

"मग नांदेडला समुद्र आला की नवे किडे आणू, मॅडम."

मामा हसले. मीही हसले. त्या हसण्याचा राग अजून जात नाही.

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते, नंबर डायमंड पेन्सिलीने काचेवर कोरा. लातूरला ती पेन्सिल एकच होती, मार्गदर्शकांच्या कुलपात. मी कागद चिकटवला. पुढे स्वतःची पेन्सिल घेतली, तरी या काचा तशाच राहू दिल्या.

समिती आली, चहा प्यायली, भिंतीवरचे फलक वाचून गेली. कपाट कुणी उघडलं नाही.

आता तास संपले की मी सूक्ष्मदर्शकाखाली काचा जुळवते. आधी किड्याच्या डोळ्यांचे काळे ठिपके शोधायचे, मग पुढची काच. एका किड्याच्या चौदा जुळल्या, त्यांवर नंबर कोरले. त्यातला धागा नेमका मध्येच तुटलेला निघाला. बेचाळीस काचा कोऱ्याच आहेत.