सुपातले दाणे

समोरच्या गॅलरीत शेजारचा सुधीर सुपात शेंगदाणे निवडतोय. काळपट, बुरसलेला दाणा दिसला की थेट कचऱ्यात!

"अरे, ऊन दाखवलं की चालतात," त्याची आई म्हणते. वर्षानुवर्षं त्या घरात असल्या दाण्यांचं कूट भाजीत पडलं.

"बुरशीचं विष उन्हानं जात नाही, आई. पुरुषाच्या बीजालाही ते बाधतं, डॉक्टर म्हणाले ना?"

मूल होत नव्हतं तेव्हा सगळे सुनेकडे बघायचे. दाण्यांच्या डब्यात डोकावावं असं कुणालाच, अगदी मलाही, सुचलं नाही. किती सोपं असतं आपलं बघणं!

तेवढ्यात सुधीरची रांगती लेक सुपावर धडकली. दाणे गॅलरीभर उधळले. आजी खळखळून हसत खाली बसली आणि पहिला काळपट दाणा तिनंच उचलून कचऱ्यात टाकला.