आठल्येबाईंचं ‘माहीत नाही’

गौरवग्रंथात लिहिणारी मंडळी सत्कारमूर्तींना बहुधा वर्गात किंवा परिसंवादात पहिल्यांदा भेटलेली असतात. डॉ. सुमती आठल्ये यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका चौकशी समितीसमोर, आणि चौकशी माझीच होती.

मी तेव्हा एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात कनिष्ठ अभियंता होतो. एका सकाळी निम्म्या उपनगरांची वीज गेली. दुपारपर्यंत वाहिन्यांनी शत्रूचा सायबरहल्ला जाहीर करून टाकला आणि संध्याकाळपर्यंत कंपनीला घरभेदीही सापडला. संगणकाच्या नोंदींनुसार बिघाडाच्या थोडं आधी यंत्रणेत शिरलेला माणूस मी होतो. वीज गेल्यावर ती परत आणायलाच मी आत शिरलो होतो, हे मी घसा फोडून सांगत होतो. ऐकतो कोण! नोकरी तर जाणारच होती. पण देशद्रोहाचा शिक्का बसला असता, तर मुलुंडच्या आमच्या इमारतीत आईला मान वर करून जिना उतरता आला नसता.

समितीत बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून पार्ल्याच्या आठल्येबाई होत्या. संदेश पोचवण्याची साधनं बदलली की सैन्याची विचार करण्याची पद्धत कशी बदलते, हा त्यांचा जन्माचा अभ्यास. घोडेस्वार जासुदांपासून थेट उपग्रहांपर्यंतचा. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, “बाई, हा हल्लाच ना?”

“माहीत नाही.”

“अहो, उभी हयात यात गेली ना तुमची?”

“म्हणूनच सांगते. बिघाड, चूक आणि हल्ला, तिन्हींच्या खुणा सुरुवातीला सारख्याच दिसतात. संदेश तुटला की भले भले सेनापती त्या रिकाम्या जागी शत्रू बसवतात. आपणही तेच करतोय.” मग त्यांनी समोरचे कागद पुढे सरकवले. “वीज गेल्याची वेळ एका यंत्रानं नोंदवली आहे आणि या सावंतांच्या आत शिरण्याची दुसऱ्यानं. दोघांची घड्याळं जुळतात का?”

कुणी पाहिलंच नव्हतं. मीही नाही, आणि मी म्हणे अभियंता! दुसऱ्या यंत्राचं घड्याळ मागे पडलं होतं. त्यामुळे मी कागदावर बिघाडाच्या आधी पोचलो होतो.

मी सुटलो. बिघाडाचं कारण मात्र अखेरपर्यंत पुराव्यानिशी कळलं नाही, आणि अहवालात तसंच लिहावं असा बाईंनी हट्ट धरला. ‘हल्ला’ हा एक शब्द उच्चारला असता तर वाहिन्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. त्याऐवजी ‘तज्ज्ञांनाच माहीत नाही’ अशी त्यांची टिंगल झाली. बाईंनी ती वाचली आणि दुपारच्या तासाला शिकवायला गेल्या. इतकं धैर्य मी गणवेशातल्या माणसांतही क्वचित पाहिलं आहे.

पुढे नोकरी सांभाळून मी त्यांच्याच हाताखाली संशोधन केलं. माझ्या पहिल्या प्रकरणात जिथे जिथे ‘शत्रू’ हा शब्द आला, तिथे समासात बाईंनी एकच शब्द लिहिला होता: ‘कशावरून?’ नव्या विद्यार्थ्यांना आम्ही जुने आधीच बजावून ठेवायचो, “बाईंसमोर ‘उघडच आहे’ म्हणालास ना, तर वाट लागली तुझी, यार!” त्यांच्या ग्रंथांवर इतर जाणकार लिहितीलच. मला ते वाचताना आजही छाती दडपते, कारण त्यातलं प्रत्येक विधान या एका प्रश्नातून पार होऊन आलेलं आहे.

एक प्रसंग मात्र कुठल्याच ग्रंथात येणार नाही. अहवाल सादर झाल्यावर बाई कुणाला न सांगता मुलुंडला आमच्या घरी आल्या. शेजाऱ्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. बाईंनी दार मुद्दाम उघडं ठेवायला लावलं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशा जागी बसून आईच्या हातचे घावणे खाल्ले. आईनं धीर करून माझ्याबद्दल विचारलं, “बाई, माझ्या झिलान काय वायट केला नाय मां?”

बाईंचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक होतं.

बाईंनी ताटली खाली ठेवली, आईचा हात हातात घेतला आणि दारातल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाही. हे मला माहीत आहे.”

आई त्या दिवशी ओक्साबोक्शी रडली. मीही रडलो.

आज बाईंची पंचाहत्तरी पूर्ण होत आहे. बाई, तुम्ही ठणठणीत शंभर वर्षं जगणार आहात आणि आमच्या समासांत लिहीत राहणार आहात. कशावरून, ते एवढ्या वेळी विचारू नका.