रिलीव्हर येईपर्यंत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला तीस वर्षं काढली. मशीन बंद पडलं की कारण सापडतंच, एवढंच मला ठाऊक. वय आता एकोणसत्तर. हे लिहितोय ते माझं एक खोटं मागे घ्यायला.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही शॉपमधले सहाजण विसापूर किल्ल्यावर गेलो. भाजे गावाच्या बाजूनं, दगडी पायऱ्यांच्या घळीतून. माझा मशीनवरचा जोडीदार सुखदेव यायला तयारच नव्हता. "ही ढेरी घेऊन कुठं चढू राव?" मी त्याला चारचौघांत चिडवून चिडवून आणला. अर्ध्या घळीत तो एका सपाट दगडावर बसला. घामानं निथळत होता.

"दत्ता, छातीत भरून आल्यासारखं होतंय. थांब ना जरा."

"सकाळचे वडे भरलेत तिथं," मी म्हणालो. बाकीचे हसले. "बस इथंच. वर जाऊन येतो, मग तुला घेऊन उतरू. हलू नको."

"न्हाई हलत. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडलीय का कधी मी?"

शॉपचा नियमच होता तो. पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तो आलाच नाही तर डबल शिफ्ट.

वर गेल्यावर कळलं, दुसऱ्या बाजूला जीप मिळते... आम्ही तिकडूनच उतरलो. त्याचा फोन लागेना. मला वाटलं, गेला असेल घरी.

दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच दगडावर, बसलेला.

त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, मी सांगितलं — "एकटाच उतरतो म्हणाला. आमचं ऐकलंच नाही." तेव्हापासून दर स्मृतिदिनाला त्या मला वाढता वाढता म्हणतात, "हट्टापायी गेले." यंदा मी ताट तसंच सारून उठलो.

पुढच्याच रविवारी सकाळी एकटा विसापूरला गेलो. आता ढेरी माझी होती. दर दहा पायऱ्यांना थांबत होतो, धाप आवरेना. धुकं होतं, दगड ओले. शेवटी तर हात टेकत टेकत वर सरकत होतो. तो सपाट दगड दिसला — आणि त्यावरून उठणारा माणूस, रुमालानं मान पुसत.

"लई लेट केलास राव," तो म्हणाला. "पेंडिंग काही न्हाई. सांभाळ."

माझ्या शेजारून तो खाली उतरला. वळून पाहिलं तर घळ रिकामी.

एवढी धाप लागली की भास होतात, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मान्य. पण मी त्या दगडावर बसलो... आजूबाजूचं सगळं गार, ओलं. तेवढा एक दगड कोरडा होता. आणि कोमट. कुणीतरी तासन्‌तास बसून नुकतंच उठावं, तसा.

उतरून तसाच आकुर्डीला वहिनींकडं गेलो. सगळं सांगितलं. वडे, हसणं, जीप. वाटलं, चपलेनं मारतील. त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, किती वेळ वाट बघितली असेल हो त्यांनी?"



दगड कोमट का होता, हे मला आजही सांगता येत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत आहे.

अकरा वर्षं.