मल्लप्पाच्या तुळईवरचे खिळे

मल्लप्पा गेल्याचे कळले तेव्हा मी कचेरीत रस्त्यांवरच्या अपघातांच्या वार्षिक अहवालाची साफ प्रत काढीत बसलो होतो. कुठली कचेरी ते लिहीत नाही, पेन्शन अजून मिळायची आहे. करीमभाई टांगेवाला एरवी आमच्या दाराशी येऊन उगाच खाकरत उभा राहतो. त्या दिवशी तो सरळ टेबलापर्यंत आला आणि म्हणाला, "बाबूजी, मल्लूमामू गए." माझ्या हातात टाक होता. समोर 'अक्कलकोट रस्त्यावरील वळण' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे मी नुकताच शब्द लिहिला होता, निरंक. शाई वाळलीही नव्हती. त्याच वळणावर तीन आठवड्यांपूर्वी एका सर्व्हिस मोटारीने मल्लप्पाला धडक दिली होती, हे मला ठाऊक होते, करीमभाईला ठाऊक होते, सबंध पेठेला ठाऊक होते. कागदाला तेवढे ठाऊक नव्हते, आणि मी कागदाचा नोकर.

आज महिना होऊन गेला. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी गोड लिहावे असा रिवाज आहे, पण मल्लप्पाने मला उभ्या आयुष्यात जेवढा वैताग दिला तेवढा माझ्या तिन्ही साहेबांनी मिळून दिला नसेल. तो सुतार. बैलगाड्यांची आणि टांग्यांची चाके दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. त्याचे दुकान माझ्या घराच्या आणि कचेरीच्या अधेमध्ये, त्यामुळे संध्याकाळी तिथे टेकून चहा घ्यायचा माझा परिपाठ पडला. हात असा की चार पेठांत जोड नाही. पण मोडके चाक घेऊन कोणी आला की हा पटाशी खाली ठेवायचा आणि विचारायचा, "आदी सांग, कुटं मोडलं?" गिऱ्हाईक घाईत असायचे. बैल उन्हात उभे असायचे. हा आपला चाकाभोवती उकिडवा बसून आरे चाचपत राहायचा. खड्ड्यात आपटलेल्या चाकाचा आरा मधल्या तुंब्यापाशी, आसाजवळ, खचतो आणि दुसऱ्या गाडीने बाजूने ठोकले तर तो मधोमध तिरपा चिरतो, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. त्यामुळे त्याच्यापुढे कोणाची थाप टिकत नसे.

एकदा करीमभाईने शपथेवर सांगितले, "गड्ढा था मामू, खुदा कसम, इत्ता बडा गड्ढा!"

"गड्ड्यानं तुज्या चाकाला निळा रंग लावला व्हय रं?" मल्लप्पा म्हणाला. "समोरून आलेला टांगा निळा हुता. कुटं लागला ते सांग, मंग हात लावतो."

खरे कळले की मग तो उठायचा, डब्यातला एक खिळा घ्यायचा आणि डोक्यावरच्या तुळईत ठोकायचा. टकरीत मोडलेल्या प्रत्येक चाकाला एक खिळा. झिजलेल्या चाकाला नाही, खड्ड्यात मोडलेल्याला नाही. त्याचे वर्ष संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंत. मिरवणुकीतल्या सिद्धेश्वराच्या काठ्या परतल्या की तो नवी ओळ धरायचा. त्याला लिहितावाचता येत नव्हते, पण ती तुळई सर्वांना वाचता येई. आमच्या ओळखीच्या आरंभी वर्षाची ओळ वीतभर असायची. मग अक्कलकोटकडे मोटारी सुरू झाल्या, सायकली वाढल्या. ओळ दीड वीत झाली, दोन वीत झाली. खिळे दाटीदाटीने ठोकूनही ती लांबतच चालली.

आणि नेमकी त्याच वर्षांत आमच्या अहवालातली ओळ आखडत होती! यात चमत्कार काही नाही. आमच्याकडे जो लेखी तक्रार देईल त्याचाच अपघात मोजायचा, असा नियम. तक्रार दिली की गाडी पुराव्यासाठी अडकून पडायची, चौकशी संपेपर्यंत बैल गोठ्यात आणि गाडीवान घरी. एकदा असे दोघा-चौघांचे झाल्यावर शहाण्यांनी रस्त्यातच एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करून मिटवून टाकायचे ठरवले. तक्रारी घटल्या म्हणून अपघात घटले. साहेब खूश, "गावाला शिस्त लागत आहे" असे वाक्य दरसाल अहवालात जायचे. ते वाक्य मूळ माझेच.

मल्लप्पाला मी एकदा गमतीने ते वाचून दाखवले. तो हसला नाही. तुळईकडे बोट करून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्ये काय मग? वाळवी हाय व्हय?"

"तुझे खिळे सरकार मोजत नाही, मल्लप्पा."

"मंग तुमी मोजा की. तुमी सरकारात बसताय."

असला माणूस. त्याला नियम समजावून सांगावा तर तो नियमालाच चाकासारखा उलटा करून बघणार. मी चिडून चार दिवस चहाला गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो, तर माझा चहा तयार होता आणि प्रश्नही तयार होता, "मोजणार न्हवं?"

त्याच वर्षी पावसाळ्यात मी स्वतः सायकलवरून त्या वळणावर पडलो. तिथे एका तालमीची भिंत रस्त्यात पुढे आलेली आहे, पलीकडचे काही दिसत नाही. गाडीवान वळसा वाचवायला भिंतीला घासून गाडी काढतात. तशीच एक कडब्याची गाडी अंगावर आली आणि माझ्या पुढच्या चाकाचा द्रोण झाला. सायकलचे काम मल्लप्पाचे नव्हे, पण चाक सरळ करायला मी त्याच्याकडेच नेले आणि सांगितले, "खड्ड्यात गेलो." का सांगितले? वर्षाचा अहवाल तोंडावर आला होता, आणि ज्याने 'शिस्त' लिहिली तोच वळणावर आडवा झाला हे मला बोलून दाखवायचे नव्हते. मल्लप्पाने चाक हातात फिरवले, माझ्याकडे पाहिले. चाक करून दिले. मी निघालो तेव्हा मागे हातोडीचा आवाज ऐकू आला. टाचणीएवढा खिळा होता. बाकीच्या खिळ्यांत तो एकटाच बारीक, अजून दिसतो.

वळणाचे काहीतरी केले पाहिजे, हे त्याने तेव्हा मनावर घेतले. गाडीवानांनी भिंत सोडून बाहेरून वळावे म्हणून कोपऱ्यात एखादा धोंडा हवा होता. त्याच्या बायकोचे, गंगव्वाचे, एक काठ फुटलेले दगडी उखळ परसात पडून होते. ते त्याने गाडीवर घालून नेले, भिंतीच्या कोपऱ्याशी पालथे घातले आणि अंधारात दिसावे म्हणून चुन्याने पांढरे केले. खरे सांगतो, उपाय नामी होता. दोन महिने त्या वळणावरचे एकही चाक त्याच्याकडे आले नाही. तो मला हौसेने तुळईवरची मोकळी जागा दाखवायचा.

मग एका गाडीवानाचा बैल तिथे बसला आणि गाडी कलंडता कलंडता वाचली. त्या भल्या माणसाला वाटले, दगडाने वाचवले. त्याने नारळ फोडला. दुसऱ्याने शेंदूर लावला. महिनाभरात उखळाचा 'वळणोबा' झाला! येणारा जाणारा गाडीवान ऐन वळणावर गाडी थांबवून खाली उतरू लागला. मोटारवालेसुद्धा भोंगा वाजवायचा सोडून नारळ फोडू लागले. पुढचा पाया पडतो आहे आणि मागचा वळणावरून त्याच्यावर येऊन आदळतो आहे, असा प्रकार. चुना होता तेव्हा दगड लांबून दिसायचा, शेंदरावर दिवेलागणीला काही दिसेना. मल्लप्पाकडे चाके येऊ लागली ती पूर्वीपेक्षा जास्त.

तो प्रत्येकाला ओरडून सांगे, "आरं, माज्या परसातलं उखळ हाय त्ये! बायकूनं त्यात शेंगाची चटणी कुटलीया!"

आणि गिऱ्हाईक हात जोडून म्हणे, "तरीच मामा, तुमच्या घरच्या चटणीला तसली चव. द्येवच हुता की घरात!"

माझ्याशी तो इतका चिडून कधी बोलला नव्हता. रागावला की त्याच्या तोंडी कानडी यायची. ती अर्धी मला कळत नव्हती, ते बरेच झाले. उखळ हलवायचे तर रीतसर अर्ज कर, असे मी त्याला सांगितले. लिहून मीच दिला, अंगठा त्याचा. लोकांच्या भावनेचा प्रश्न आहे, एखाद्याने परस्पर हात लावला तर दंगा होईल, कचेरीचा हुकूम येऊ दे, असे मीच त्याला बजावले. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी शेरा मारला, "अपघात घटत असता दगड हलविण्याचे कारण दिसत नाही." घटत असल्याचा आकडा माझा. अर्ज परत माझ्याच फडताळात आला... आणि मी मल्लप्पाला सांगत राहिलो, "चालले आहे, चालले आहे."

दोन वर्षे चालले. दर सोमवारी हा चुन्याचे मडके घेऊन वळणावर जायचा आणि शेंदरावर पांढरा हात मारून यायचा. मंगळवारी लोक पुन्हा शेंदूर फासायचे. मी म्हणालो, "मल्लप्पा, वय झाले तुझे, सोड हा नाद." तो म्हणाला, "कागुद येऊस्तवर."

त्या सोमवारी गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला होता, रस्त्यावर माणसे मावत नव्हती. एक टांगा नारळासाठी थांबला. मागून आलेल्या मोटारीने तो चुकवला आणि भिंतीशी वाकून चुना लावणाऱ्या मल्लप्पाला दाबले. कमरेचे हाड गेले. चाक कोणाचेच मोडले नाही. टांगेवाला निघून गेला, मोटारवाल्याने गंगव्वाचे पाय धरले, तिने त्याला सोडून दिले. तक्रार नाही.

मी रोज जात होतो. तुळईखालीच त्याची खाट घातली होती. एके दिवशी तो वर बघत म्हणाला, "भाऊसाहेब, माजा खिळा न्हाय."

"असे काय बोलतोस? ठोकू की."

"न्हाय. चाक कुटं मोडलं? आपला नेम चाकाचा." त्याने हवेतच बोटाने तुळईवरच्या ओळी मोजल्यासारखे केले. "म्हंजी बगा... पायी जाणारी किती पडली असत्याल. त्येनला चाक न्हाय. मी मोजलीच न्हाईत. तुमचा कागुद खोटा, खोटा म्हनून वरडत हुतो, आन् माजी तुळई तरी कुटं खरी हाय?"

तो माझी समजूत घालावी तसे बोलत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या दिवशी मी फडताळातल्या अर्जाची गोष्ट त्याला सांगायला हवी होती. जिभेवर आलीही होती. चहा घेऊन परत आलो.

तो गेल्यावर गावाने काय म्हणावे? "वळणोबाला चुना फासला, भोगलं." नारळ दुप्पट झाले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी करीमभाईचा टांगा घेऊन गंगव्वा वळणावर गेली. मीही मागोमाग गेलो. गर्दी होतीच. तिने पदर खोचला, उखळावरचे हार बाजूला केले आणि करीमभाईला म्हणाली, "धर खालनं." कोणी पुढे आले नाही. ज्या बाईचा नवरा देवाने नेला तिला अडवायचे धाडस कोणाला होणार? एक म्हातारा पुटपुटला, "मावशी, द्येव हाय." ती म्हणाली, "उखळ हाय. माज्या म्हायेरचं हाय. मला चटणी कुटायची हाय." दोघांनी ते टांग्यात घातले. दंगा झाला नाही. पानही हलले नाही.

घरी आल्यावर ती नारळाच्या शेंडीने शेंदूर खरवडू लागली. मी दारात उभा होतो. वर न बघता ती म्हणाली, "दोन वर्सं म्हनत हुते मी, मला आनू द्या, माजं उखळ हाय, कोन काय करतंय. न्हाय म्हनायचे. 'भाऊसाहेब कागुद आननार हायती, कागुदाशिवाय न्हाय' म्हनायचे."

तिने मला दोष देण्यासाठी सांगितले नाही. तिला फडताळाचे काहीच माहीत नव्हते. मी ते तिला तिथेच सांगितले. अर्ज कुठे आहे, शेरा काय आहे, त्यातला आकडा कोणाचा आहे. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाने तक्रार लिहिली, मल्लप्पाच्या अपघाताची, आणि तिच्याखाली माझ्या सायकलच्या अपघाताचीही. साहेब म्हणाले, "मुदत संपली आहे, आणि तुम्ही वारस नाही." अहवाल गेला. वळणापुढे निरंक, अक्षर माझे.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेलो. गंगव्वाने काही न विचारता खिळ्यांचा डबा आणि हातोडी पुढे केली आणि एवढेच म्हणाली, "सरळ ठोका. वाकडा त्येनला चालत न्हवता." स्टुलावर चढून मी या वर्षीच्या ओळीत खिळा धरला. उभा जन्म टाक धरलेला हात. खिळा अर्ध्यात वाकला. उपटायला गेलो तर निघेना, पुढे जाईना. परसात उखळात चटणी कुटल्याचा आवाज चालू होता. मी खाली उतरलो. साऱ्या सोलापुरात मल्लप्पाच्या अपघाताची नोंद आहे ती तेवढी एक, आणि तीही मी वाकडी करून ठेवली आहे.