अंगठा उठत नव्हता म्हणून

"हात धुऊन आली का? मशीन खराब व्हतंय."

सेंटरवाल्याने माझ्याकडे न बघताच विचारलं. मी दोन्ही हात पुढे केले, उलटेसुलटे करून दाखवले, शाळेत नखं तपासताना पोरं दाखवतात तसे. त्याचं समाधान झालं नाही. त्याने टेबलावरची बाटली उचलली आणि माझ्या बोटांवर सॅनिटायझर उडवलं. बोटांना चिरा होत्या. झोंबलं.

माझ्या आधी गावातली एक बाई त्याच खुर्चीवर बसून अंगठा देऊन गेली होती. तिच्या बोटांवर त्याने काही उडवलं नव्हतं. मला खुर्चीवर बसही म्हणाला नव्हता. हे मला दिसत होतं. आमच्या वस्तीच्या फलकावर आता चांगलं नाव लिहिलंय, पण गावाच्या तोंडात अजून जुनं, जातीचंच आहे. असल्या गोष्टींचं आम्हाला नवल वाटत नाही. वाटायला पाहिजे होतं.

माझा मोबाईल बागेतल्या हौदात पडला होता. नवीन सिम घ्यायचं होतं. सेंटर आमच्या बागमालकाच्या पुतण्याचं. वयाने तो माझ्या पोराएवढा. मी त्याला दादा म्हणते, तो मला ए म्हणतो.

मी लिंबाच्या बागेत तोडीला जाते. श्रीगोंद्याकडचा ऊस सगळ्यांना माहीत आहे, लिंबू तोडणाऱ्या बाया कुणाला माहीत नाहीत. काटा बोटात जातो, जखमेत आंबट रस उतरतो, कातडी निघते. नवी येते, तीही निघते. अशी अर्धी हयात गेली की अंगठ्यावरच्या रेषा पुसून जातात. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा चटकन उठत नाही. बँकेतही नाही. मागे रांगेतली माणसं च्यक् च्यक् करतात आणि मी माफी मागते. ज्या अंगठ्याने लोकांची लिंबं तोडली, त्याच अंगठ्यासाठी माफी.

तिथेही तेच झालं.

"पुन्ना लाव."

लावला.

"न्हाई घेत. पुन्ना."

फोटोसुद्धा हलला म्हणाला. परत काढला, परत अंगठा, परत फोटो. मला घाम फुटला. मी पदराला अंगठा घासघासून पुसत होते.

"तुमच्या लोकांचा हाच तरास हाय," तो म्हणाला.

"माफ करा दादा," मी म्हणाले.

मशीनचा पडदा त्याच्याकडे होता. त्यात काय दिसतंय ते बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. मशीन त्याचं, दुकान त्याचं, शिक्षण त्याचं. माझं काय होतं, तर खराब अंगठा. शेवटी त्याने एक सिम हातात दिलं आणि माझ्या देखत मशीन फडक्याने पुसून घेतलं. मी त्याचे आभार मानून बाहेर पडले. एवढा वेळ दिला म्हणून.

पुढे काही महिन्यांनी बागेत पोलीस आले.

इथे माझ्या नावाचं सांगायला पाहिजे. माझ्या बापाने ते मोठ्या हौसेने ठेवलं होतं. कुणाच्या तरी भाषणात ऐकलं आणि घरी येऊन आईला म्हणाला, पोरीचं हेच ठेवायचं. पण असं चांगलं नाव आमच्या घरात आलेलं गावाला रुचलं नाही. गावाने ते मोडलं, अर्धं केलं, शेवटी कुत्र्याला हाक मारावी तशी हाक उरली. पन्नाशीला आले तरी बागेत मला त्याच तुटक्या नावाने बोलावतात. पूर्ण नाव होतं ते फक्त आधार कार्डावर. कधी कधी मी ते उगाच काढून वाचायचे.

पोलिसाने कागदावरून माझं नाव वाचलं. पूर्ण. सगळ्या बाया हात थांबवून बघत होत्या. गावात एवढ्या मोठ्याने माझं नाव पहिल्यांदा घेतलं गेलं, ते चोर म्हणून.

मला नगरला पोलीस ठाण्यात नेलं. माझ्या नावावरच्या एका नंबरवरून कुणीतरी बँकेचा साहेब म्हणून बोललं होतं आणि नगरमधल्याच सावेडीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची सगळी पुंजी काढून घेतली होती. ठाण्यातल्या पोलीस साहेबाने माझ्यापुढे कागद आपटला.

"नाटकं करू नको. नंबर तुझ्या नावावर, फोटो तुझा, अंगठा तुझा. मग चोर कोण, मी?"

खरंच, सगळं माझंच होतं. क्षणभर मलाच वाटलं की माझ्या हातून काहीतरी झालं असेल. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी इतकं काही ऐकवलं होतं की, आरोप झाला की आधी स्वतःकडेच बघायची सवय लागली होती.

त्या बाई बाकावर बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. धुवट साडी, हातात पिशवी, शेजारी मुलगा. त्या ओरडल्या नाहीत, शिवी दिली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझ्या हातून असं कसं झालं गं?" त्या म्हणाल्या. "तुझ्यासारख्यांच्या मुलींना मी पोटच्या पोरींसारखं शिकवलंय."

मी त्यांच्या पायाशी बसून सांगत राहिले की बाई, मी नाही ती. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तुझ्यासारख्यांच्या, हा शब्द आजही माझ्या अंगात काट्यासारखा आहे. तरी मला त्यांचा राग येत नाही. त्यांचंही लुटलं होतं, आणि लुटणाऱ्याने माझा चेहरा लावला होता.

तिथे एक हवालदार मॅडम होत्या. त्यांनी मला पाणी दिलं. माझे हात बघितले, नीट बघितले, मग विचारलं, "मावशी, सिम घेताना अंगठा कितीदा लावला होता?"

"लई येळा, मॅडम. उठतच नव्हता."

त्यांनी साहेबाने आपटलेला कागद उचलून वाचला. मग म्हणाल्या, "उठत होता. दरवेळी उठत होता."

त्यांनी मला समजावून सांगितलं. प्रत्येक वेळी अंगठा घेतला आणि प्रत्येक वेळी माझ्या नावावर नवा नंबर निघाला. एक मला दिला, बाकीचे फसवणाऱ्या टोळीला विकले. माझ्याच अंगठ्याने, माझ्याच फोटोने.

मी तिथे रडले. पोलिसांच्या भीतीने नाही. मी पोराएवढ्या माणसाची माफी मागत होते, आणि तो माझ्या माफीवर नंबर काढत होता. अंगठा कुणाचाही घेता येतो. पण ज्या माणसाला स्वतःच्या अंगठ्याची लाज वाटते, त्याचा हवा तितक्या वेळा घेता येतो. माझी लाज त्याला आयती मिळाली होती. ती त्याच्या बापजाद्यांनी आमच्यात पेरून ठेवली होती.

मॅडमनी जे शिकवलं ते मी पाठ केलं. आपल्या नावावर कोणकोणते नंबर चालू आहेत ते सरकारी वेबसाइटवर दिसतं. जे आपले नाहीत ते तिथूनच बंद करायला सांगता येतं. आधारवरच्या बोटांच्या ठशांना कुलूप लावता येतं, कामापुरतं उघडायचं, परत लावायचं. कार्डाची झेरॉक्स दिली तर तिच्यावरच लिहायचं, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. आणि अंगठा लागला नाही म्हणाले तर पडदा आपल्याकडे फिरवायला लावायचा. आता रेशनच्या दुकानात मी आधी पडदा बघते. दुकानदार तोंड वाकडं करतो. करू दे. माझ्या मागच्या बायाही आता पडदा बघायला लागल्या आहेत.

मी तक्रार दिली आणि पोलिसांनी पुतण्याला उचललं. थोड्याच दिवसांत तो जामिनावर सुटला. सेंटर चालूच आहे, आता खुर्चीवर त्याचा भाऊ बसतो.

माझ्यावरचा संशय गेला तेव्हा मला एकच गोष्ट करायची होती. सावेडीला जाऊन त्या बाईंना सांगायचं होतं. मॅडमनी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. मी सगळं सांगितलं.

"आई गेली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत तुमचंच नाव घेत होती."

त्याने फोन ठेवला. त्याचं काही चुकलं नाही. पण त्या बाई मला चोर समजून गेल्या, हे आता कुठल्याही कोर्टात दुरुस्त होणार नाही. त्यांच्या खात्यातलं कदाचित परत मिळेल. माझं तिथून काही परत येणार नाही.

मग बागमालक आले. तात्या. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दारात. टाईप केलेला कागद आणि शाईचा पॅड घेऊन. मला सही येते, मी सातवी पास आहे, पण त्यांनी पॅडच आणला होता. तक्रार गैरसमजातून झाली, असं कागदावर होतं.

"पोरगं हाय, चुकलं," तात्या म्हणाले. "त्याचं आयुष्य नासंल. तुझं काय गेलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरोखर विचारत होते. माझ्याकडून काही जाऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं.

"एक बाई मला चोर म्हनत मेली, तात्या," मी म्हणाले. "मी कागद वाचला. ह्याच्यावर माझा अंगठा लागनार न्हाई. सही बी न्हाई."

त्यांनी पॅडचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून बागेचं काम बंद झालं. गावातल्या दुसऱ्या बागांनीही मला बोलावलं नाही. आता मी पहाटेच्या टेम्पोने लांबच्या बागेत जाते. तारीख पडली की मजुरी बुडवून कोर्टात जाते, आणि दरवेळी पुढची तारीख घेऊन येते. वकील म्हणतो, वर्षं लागतील, दमाल. लागू देत वर्षं. त्या पोराने माझ्याकडे बघत बसावं आणि न्यायाधीशापुढे मी सगळं सांगावं, तो दिवस येईपर्यंत मी तक्रार मागे घेणार नाही. मध्येच मेले तर माझी लेक जाईल. तिला मी सांगून ठेवलंय.