तोफबाईंचा तास

नर्सिंगच्या शाळेतल्या मुली पाठीमागे त्यांना तोफबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. सरावाच्या खोलीत रबरी पेशंट निजवलेला असे आणि बाई त्याच्या संतापलेल्या बायकोच्या आवेशात आत शिरत. ट्रे आपटत, खेकसत, "माझ्या नवऱ्याचा जीव घेता काय गं?" मुली आधी फिदीफिदी हसत, मग एखादी खरोखरच रडकुंडीला येई. पण चूक सगळ्यांची एकच. कुणी ओरडलं की तोंडातून "सॉरी" निघायचं आणि समजूत काढायला त्या आणखी जवळ सरकायच्या. माया लावायची सवय, दुसरं काय!

"आधी मागे हो," बाई कडाडत. "दार आपल्या बाजूला हवं. आवाज खाली, पण शब्द पक्का. औषधाला उशीर झाला तर खुशाल माफी माग. पण मार खाल्ल्याची माफी कुणी मागतं का?"

वर्गातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलीला सगळ्या लाजाळू म्हणत. वॉर्डात सलाईन संपलं म्हणून एका पेशंटच्या भावाने तिचं मनगट पिरगळलं. "हात सोडा," ती सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशी म्हणाली, सुटली आणि सिस्टरना घेऊन आली. सलाईन बदललं, पेशंटला काही झालं नाही. पण भाऊ पडला संस्थेच्या संचालकांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. मुलीने माफी मागावी, नाहीतर तिला परीक्षेला बसू देऊ नये, असा वरून निरोप आला.

"निवृत्ती तोंडावर आलीय, कशाला त्या पोरीपायी वैर घेतेस?" घरी नवरा म्हणाला.

"मग काय, जाता जाता शेपूट घालू?"

बोलल्या खऱ्या, पण मनातून बाई धास्तावल्या होत्या. आपल्या शिकवण्यापायी पोरीचं वर्ष जाणार होतं.

प्राचार्या म्हणजे बाईंची शिकतानाची मैत्रीण. त्यांच्या खोलीत तो भाऊ पाय पसरून बसला होता. लाजाळूला घेऊन तोफबाई दारूगोळा भरूनच आल्या होत्या, पण प्राचार्यांनी त्यांना हाताने थांबवलं आणि मुलीला म्हणाल्या, "म्हणून टाक गं एकदाचं."

लाजाळूचे कान लाल झाले. "सलाईनकडे माझं लक्ष नव्हतं, त्याची माफी मागते. हात सोडा म्हटलं, त्याची नाही मागणार."

त्याने टेबलावर मूठ आपटली. प्राचार्या चटकन उठल्या, "सॉरी, सॉरी साहेब" म्हणत टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. इतकी वर्षं नोकरी केलेली बाई, पण सवय तीच! त्याने हिसडा देऊन त्यांना ढकललं. त्या कपाटावर आदळल्या.

"मॅडम, मागे या," लाजाळू म्हणाली. आणि त्याच्याकडे बघून, "त्यांना हात लावायचा नाही."

प्राचार्यांनी चष्मा सावरला. तोफबाईंकडे एकदा बघितलं, बघून मान वळवली.

"हिची परीक्षा होणार," त्या म्हणाल्या.

"मी आत्ताच्या आत्ता संचालकांकडे जातो!"

"जा ना. आणि आत्ता कुणाला ढकललंत तेही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."