नळाच्या तोंडाशी टांगलेलं शेवाळ

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणायचे. वाळवून कुटलेलं समुद्री शेवाळ चिमट्यानं कथिलाच्या इवल्याशा वाटीत भरायचं, वाटीची गोळी वळायची आणि यंत्रात जाळायला द्यायची, हे तिचं काम. शेजारी कुणी शिंकलं तर ती असं काही बघायची की बिचाऱ्याची पुढची शिंक जागच्या जागी जिरायची. कामाला इतकी पक्की बाई शोधून सापडायची नाही.

त्या वर्षी किनाऱ्याचं पाणी हिरवं पडलं आणि शिंपल्यांची पैदास मेली. सगळ्यांनी खापर फोडलं नदीकाठच्या शेतकऱ्यांवर. खतं तेच ओततात, त्यांचं कालव्याचं पाणी तोडा, म्हणून शिंपलेवाले हटून बसले. खरं काय ते शेवाळ सांगणार होतं. शेवाळ पाण्यातला नायट्रोजन शोषतं. कारखान्यातल्या खताचा नायट्रोजन हलका, माणसांच्या मैल्यातला जड, आणि यंत्राला तो फरक कळतो. म्हणून चिमटाबाईनं होडीतून जाऊन जागोजागी जाळीच्या पिशव्यांत शेवाळ टांगलं होतं. त्यातली एक पिशवी शहराच्या सांडपाणी केंद्राच्या नळाशी होती.

त्या केंद्रात तिचा दादा कामाला होता. आईवडील गेल्यावर त्यानं स्वतःचं लग्न लांबवून तिला शिकवलं होतं.

आकडे येऊ लागले. नदीच्या मुखाशी हलके, पण शिंपले मेले तिथे जड. मैला कुठून येतो ते आता नळाजवळची पिशवीच सांगणार होती, आणि ती अजून वाळत होती.

"लाटांनी पिशव्या तुटतात ना गं?" जेवताना दादानं विचारलं.

"तुटतात कधीकधी."

"मग ती नळाजवळची तुटली म्हण. कोण विचारायला येतंय?"

वाढता वाढता वहिनीचा हात थांबला. चिमटाबाईनं दादाकडे पाहिलं. या माणसानं आजवर तिच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं.

"दादा, गाठ मी मारली होती," ती म्हणाली. "माझी गाठ सुटत नाही."

तो ताटावरून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी नळाजवळचं शेवाळ वाळलं. पहिली गोळी वेडीवाकडी वळली म्हणून तिनं ती टाकून दिली. दुसरी नीट वळली. आकडा सगळ्यांत जड आला.

आकडे सांगायला शिंपलेवाले, शेतकरी आणि केंद्राची माणसं यांची सभा बोलावली होती. तिथे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तिला हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरचा प्रश्न आहे, त्या पिशवीचा आकडा मी सांगते."

"नको बाई. टांगली मी, सांगेनही मीच."

आणि तिनं सांगितलं, आवाज न चोरता. शिंपलेवाले खवळले. "मैला सोडतं कोण?" एकजण ओरडला.

मागच्या रांगेतून दादा उठला. "मी. पावसात टाकी भरली की वरून हुकूम येतो, मी झडप उघडतो. दुसरी टाकी मागून मागून माझी जीभ झिजली. नोकरीपायी गप्प बसलो. आज हिनं तोंड उघडलं, मग मला कसली लाज?"

शेतकऱ्यांचं पाणी वाचलं. दुसऱ्या टाकीचा खड्डा खणायला घेतला. दादाची मात्र गोदामात बदली झाली, आणि घरात तो मोजकंच बोलू लागला. आपण त्याच्या पोटावर पाय आणला, हे चिमटाबाईला आतून खात राहिलं.

मग एका सकाळी चहा गाळताना वहिनी म्हणाली, "रात्रभर पाऊस कोसळत होता, ऐकलास ना? इतकी वर्षं पाऊस आला की हे अंथरुणात उठून बसायचे, ड्यूटी असो नसो. काल नुसते घोरत होते गं."